किल्ली ऑक्टोपसकडे आहे

किल्ली हरवणं यात विशेष असं काही नाही. किल्ल्या बसमध्ये राहतात, गटारात पडतात, शर्टाबरोबर धुतल्या जातात, आणि तीन महिन्यांनी डाळीच्या डब्यातही सापडतात. पण "बाबा, आईच्या कपाटाची किल्ली कुठे आहे?" या लेकीच्या साध्या प्रश्नाला टाइमटेबलकाकांनी फोनवर जे उत्तर दिलं, ते त्याआधी कुठल्याही बापाने कुठल्याही लेकीला दिलं नसावं.

"किल्ली ऑक्टोपसकडे आहे," काका म्हणाले.

पलीकडून मग लेक तापातल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "बाबा, सकाळची रक्तदाबाची गोळी घेतली होती का?"

काकांना राग आला. गोळी त्यांनी सात वाजून दहा मिनिटांनी घेतली होती, रोज घेतात तशी. छत्तीस वर्षं रेल्वेच्या वेळापत्रक विभागात काढलेला माणूस गोळी विसरत नसतो. गाड्या वेळेवर धावत नसत, तो भाग वेगळा. वेळापत्रक मात्र काकांच्या कारकिर्दीत एकदाही उशिरा छापलं गेलं नाही. टाइमटेबलकाका हे नाव ऑफिसातल्या लोकांनी थट्टेने ठेवलं होतं, पण काकांनी ते पदवीसारखं स्वीकारलं होतं, आणि पुढे तर दारावरची पाटी सोडली तर त्यांचं खरं नाव कुठे उरलं नाही. काकूसुद्धा रागावल्या की "अहो टाइमटेबल!" म्हणायच्या. त्या जाऊन तीन महिने झाले होते.

तर त्या किल्लीचं झालं असं.

काकू गेल्यापासून काका सकाळी घरात थांबत नसत. गावाच्या टोकाला खडकाळ किनारा होता, तिकडे जात. समुद्राबद्दल त्यांना पूर्वी प्रेम वगैरे काही नव्हतं. ओलं, खारट आणि चपला खराब करणारं एक प्रकरण, एवढंच त्यांचं मत. पण भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक हाती आलं आणि काका हरखले. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येई, पण हा उशीरसुद्धा नियमाने! असा उशीर करणारं खातं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. ओहोटीला खडकांमधली पाण्याची कुंडं तासभर उघडी पडत. काका छत्री टेकवत त्यांच्या काठाने फिरत आणि पाणी चढू लागलं की घरी येत.

शर्टाच्या वरच्या खिशात काकूंच्या कपाटाची किल्ली असे. ती घरी ठेवायची सोय राहिली नव्हती. लेक दर दोन दिवसांनी फोनवर म्हणे, "बाबा, आता कपाट उघडू या." मेहुणी घरी येऊन म्हणे, "भावजी, कपडे कुणाच्या तरी अंगाला लागू देत." दोघींचं म्हणणं रास्त होतं. त्यामुळेच काका किल्ली बरोबर घेऊन बाहेर पडत. रास्त म्हणण्याला घरात बसून तोंड देता येत नाही.

त्या दिवशी एका कुंडात काहीतरी हललं म्हणून काका वाकले. वाकलेल्या माणसाच्या वरच्या खिशातून जे पडायचं ते पडलं. 'टुप' असा आवाज झाला. पितळी किल्ली कडीसकट तळाशी जाऊन बसली, गुडघाभर पाण्यात. काका बाही वर करतायत तोच समोरच्या कपारीतला एक दगड त्यांच्याकडे बघायला लागला. दगडाला डोळा होता. मग दगडाचा रंग विटकरी झाला, आणि त्यातून एक हात बाहेर आला; घाई नाही, गडबड नाही, खिडकीपलीकडचा कारकून फाइल ओढून घेतो तसा. त्याने किल्ली उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि आत नेली. कपारीच्या तोंडाशी दगड, शिंपले रचून भिंतीसारखं काही केलेलं होतं. किल्ली त्या भिंतीत बसवली गेली. नीट. कडी बाहेरच्या बाजूला.

काकांनी हात घातला. दुसऱ्या क्षणी मनगटाला थंडगार विळखा पडला आणि छोट्या छोट्या वाट्या कातडीला चिकटल्याचं त्यांना जाणवलं. ते ओरडले. रेल्वेतला निवृत्त माणूस, वय सदुसष्ट, चारचौघांत प्रतिष्ठा असलेला, भर सकाळी कुंडाकाठी "सोड! सोड म्हणतो ना!" असं ओरडला. सुटका झाली तेव्हा मनगटावर गोल गोल लाल ठिपक्यांची रांग उमटली होती.

ती रांग जिन्यात पहिल्यांदा पाहिली तळमजल्यावरच्या कंपाउंडरने. हा गृहस्थ चाळीस वर्षं दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधत होता, आणि त्या अनुभवावर जगातल्या कुठल्याही विषयावर सल्ला देई.

"नागीण," तो म्हणाला.

"ऑक्टोपस," काका म्हणाले, आणि सगळी हकीकत सांगून बसले. तिथेच चुकलं.

"सोपं आहे," कंपाउंडर म्हणाला. "मीठ टाका. मिठाने काहीही बाहेर येतं."

"समुद्रात मीठ टाकू?"

कंपाउंडर क्षणभर विचारात पडला. "मग साखर टाका."

दुसऱ्या दिवशी काका साखर न घेता स्वयंपाकघरातली सांडशी घेऊन गेले. सांडशी ऑक्टोपसने काढून घेतली. भिंतीत एक सांडशी वाढली. तिसऱ्या दिवशी कंपाउंडरने दोरीला बांधलेलं लोहचुंबक दिलं. पितळेला लोहचुंबक ओढत नाही हे दोघांनाही शाळेत शिकवलेलं होतं, पण शाळा सोडून फार वर्षं झाली होती. लोहचुंबक सांडशीला मात्र जोरात चिकटलं. ओढाताणीत दोरी सुटली, आणि ऑक्टोपसने तेही बांधकामात घेतलं. काका पाण्यात बसकण मारून हे बघत असताना मागून शिट्टी वाजली.

पहारेकरी होता. त्याने पाटीकडे बोट केलं. पाटी गंजून कोरी झाली होती, पण तिच्यावर काय लिहिलेलं होतं ते त्याला पाठ होतं. "हा संरक्षित किनारा आहे. इथून दगड, शिंपला, प्राणी, वनस्पती काहीही हलवायला मनाई आहे."

"माझी किल्ली आहे ती."

"होती," पहारेकरी म्हणाला. "आता किनाऱ्याची आहे. ऑफिसात अर्ज करा."

अर्ज! काकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मीठ, साखर, सांडशी हे त्यांचे विषय नव्हते, अर्ज होता. त्यांनी त्याच दुपारी तीन प्रतींत अर्ज लिहिला आणि किनारा संरक्षण कार्यालयाच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. आतल्या बाईंनी तो वाचला, परत पहिल्यापासून वाचला, आणि एक छापील फॉर्म बाहेर सरकवला. 'काढावयाची वस्तू: खनिज / वनस्पती / प्राणी. (लागू नसेल ते खोडा.)' काकांनी तिन्ही खोडलं. बाई म्हणाल्या, तिन्ही खोडता येत नाही. थोड्या चर्चेअंती किल्ली खनिज ठरली.

"कुणाच्या मालकीची?" बाईंनी विचारलं.

"बायकोच्या कपाटाची आहे."

"मग अर्ज त्यांनी करायला हवा."

"त्या येऊ शकणार नाहीत."

"मग संमतीपत्र आणा. साधं चालेल. फक्त त्यांची सही हवी."

 खिडकीच्या गजाला धरून काका फॉर्मकडे बघत राहिले. मागच्या माणसाने खाकरून पाहिलं. बाईंनी वर बघितलं, काकांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि पेन उचलून स्वतःच्या हाताने 'मालक' या रकान्यात काकांचं नाव लिहिलं. "असू दे," त्या म्हणाल्या. "तज्ज्ञांचा अभिप्राय मागवते."

तेवढ्यात इकडे लेकीने कंपाउंडरला फोन केला होता. "काका, बाबांची मला काळजी वाटते हो. म्हणतात किल्ली ऑक्टोपसकडे आहे."

"खरंच आहे," कंपाउंडर म्हणाला. "माझं लोहचुंबकही त्याच्याकडेच आहे."

लेक त्याच रविवारी पहिल्या गाडीने आली. आधी बापाचं कपाळ हाताने पाहिलं, मग मनगट पाहिलं, मग सांडशीची रिकामी खुंटी पाहिली. शेवटी म्हणाली, "बाबा, कुलूपवाल्याला बोलवू या. पाच मिनिटांचं काम आहे."

"अर्ज प्रलंबित आहे," काका म्हणाले. "अर्ज प्रलंबित असताना परस्पर कुलूप फोडणं बरं दिसत नाही."

"कुणाला बरं दिसत नाही?"

 काका गॅस बंद आहे का ते बघायला उठले. त्यांच्या पाठीमागून लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला ते कपाट उघडायचंच नाहीये." काकांनी गॅस बंद असल्याची पुन्हा खात्री केली. मग परत एकदा केली. संध्याकाळच्या गाडीने लेक परत गेली. जाताना तिने एकदा त्या कपाटाच्या दारावरून हात फिरवला, ते काकांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

तज्ज्ञांचा अभिप्राय म्हणजे प्राणिशास्त्राच्या बाई निघाल्या. पन्नाशीच्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्यावर पुरुषी टोपी, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय लागलेला आवाज. त्या कुंडाकाठी पोटावर आडव्या झाल्या, टॉर्च कपारीत धरला आणि म्हणाल्या, "या, बघा."

काका आधी गुडघ्यांवर बसले, मग प्रतिष्ठा बाजूला ठेवून तेही आडवे झाले. कपारीच्या छताला दोऱ्यांसारख्या माळा लोंबत होत्या आणि त्यांना तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे दाणे लागले होते. हजारो. ऑक्टोपस त्यांच्यामध्ये बसून हातांच्या टोकांनी ते दाणे पुसत होता, एकेक माळ हलकेच चाळवत होता. "काय करतोय तो?" काकांनी विचारलं.

"करतोय नाही, करतेय," बाई म्हणाल्या. "मादी आहे. अंडी घातलीयत. म्हणून दार लावून घेतलंय. नळीतून पाणी सोडते बघा त्यांच्यावर, शेवाळ धरू नये म्हणून. महिना-सव्वा महिना हेच काम. पिल्लं बाहेर पडेपर्यंत एक दगडही हलवायचा नाही. तुमची किल्ली थांबेल."

काकांनी चेहरा पाडला. पाडला खरा, पण घरी जाताना त्यांना वाटेत गुणगुणावंसं वाटलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली. सव्वा महिना! सरकारी कागदावर, सही-शिक्क्यानिशी सव्वा महिना कपाट बंद.

मग रोजचाच परिपाठ झाला. ओहोटी कितीही वाजता असो, काका हजर. बाई आठवड्यातून तीनदा येत आणि वहीत नोंदी करत. काका विचारत, बाई सांगत, आणि काका संध्याकाळी ते कंपाउंडरला सांगत. हिला तीन हृदयं असतात. ("तीन अटॅक येत असतील," कंपाउंडर हळहळला.) रक्त निळं असतं. हाडं नसल्याने लिंबाएवढ्या भोकातूनही निघून जाईल. प्रत्येक हाताला स्वतःची अर्धीमुर्धी अक्कल असते, त्यामुळे एक हात काय करतो ते दुसऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. "आमच्या रेल्वेसारखंच," काका म्हणाले, आणि काकू गेल्यापासून पहिल्यांदाच स्वतःच्या विनोदावर हसले.

पण तिसऱ्या आठवड्यात काकांच्या लक्षात आलं की ती खात नाही.

आधी तिच्या दाराशी खेकड्यांच्या रिकाम्या पाठींचा ढीग असे. आता ढीग वाढत नव्हता. तिचा विटकरी रंग उडून राखाडी झाला होता. डोळे खोल गेल्यासारखे दिसत. कुंडातून लहान मासे तिच्या हाताजवळून जात, आणि हात उठत नसे.

काकांनी बाजारातून जिवंत खेकडा आणला. त्याने जिन्यात पिशवीतून सुटून कंपाउंडरची डावी चप्पल पकडली आणि ती घेऊन तो मीटरच्या पेटीखाली शिरला. कंपाउंडर एका पायावर उभा राहून सल्ले देत होता, काका छत्रीने ढोसत होते, आणि पहिल्या मजल्यावरची मंडळी कठड्यावरून बघत होती. या सगळ्यात सकाळची ओहोटी चुकली. दुसऱ्या दिवशी काकांनी खेकड्याला दोरीने बांधून नेलं आणि तिच्या दारासमोर सोडलं. तिने पाण्याचा एक फवारा सोडला. खेकडा दूर जाऊन पडला. काकांनी पुन्हा समोर ठेवला. पुन्हा फवारा. दुसऱ्या दिवशी लहान खेकडा नेला, नांग्या काढून, सोपा करून. त्याच्या दुसऱ्या दिवशी कोळंबी, सोललेली. ती दारातच पडून राहिली.

काका पाण्यात गुडघ्यावर बसले होते. त्यांनी तीच कोळंबी उचलून पुन्हा तिच्यापुढे धरली.

"एक घास," ते म्हणाले. "एकच घास घे. मी काय जास्त मागतोय? सकाळपासून एवढी खटपट करतोय, दिसत नाही तुला? मुद्दाम करतेस! मला छळायला मुद्दाम करतेस तू!"

शेवटचे शब्द इतक्या मोठ्याने निघाले की खडकावरचा बगळा उडाला. काका मागे वळले तर प्राणिशास्त्राच्या बाई वही छातीशी धरून उभ्या होत्या.

 मग बाई खाली बसल्या, बुटात पाणी जाईल याची पर्वा न करता.

"ती मुद्दाम करत नाही, काका," त्या म्हणाल्या. हा त्यांचा शेवटच्या बाकाचा आवाज नव्हता. "तिच्या डोळ्यांमागे दोन बारीक ग्रंथी असतात. अंडी घातली की त्यांतून असं काही रक्तात उतरतं की भूकच बंद होते. तुम्ही समोर काहीही ठेवा, तिला ते अन्न वाटतच नाही."

"म्हणजे हट्ट नाही?"

"हट्ट करायला आधी भूक असावी लागते."

काका कोळंबीकडे बघत राहिले. "आणि त्या ग्रंथी काढल्या तर?"

"प्रयोगशाळेत काढून पाहिल्यात. माद्या पुन्हा खायला लागल्या. पण अंडी टाकून निघून गेल्या." बाईंनी कपारीकडे बोट केलं. "पिल्लं बाहेर पडली की ही जाणार. ठरलेलंच आहे ते. तुम्ही कमी पडलात असं नाही."

काकांनी मान हलवली. काकूंच्या शेवटच्या दोन महिन्यांत त्यांनी फ्रिजवर एक तक्ता लावला होता. आठ वाजता सूप, साडेदहाला फळाचा रस, एकला मऊ भात, अशा सात वेळा; प्रत्येकीपुढे टिक करायला चौकोन. पहिल्या महिन्यात टिका होत्या. दुसऱ्या महिन्यात काका चौकोनात चमचे लिहू लागले. दोन. दीड. एक. त्यांनी आपल्या नोकरीत एवढ्या निष्ठेने कुठला तक्ता भरला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, आता आग्रह करू नका. पण आग्रह करायचा नाही म्हणजे मग करायचं काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

हे त्यांनी बाईंना सांगितलं नाही. ते उठले, कोळंबी पिशवीत टाकली, आणि त्या दिवसापासून कुंडाकडे रिकाम्या हाताने जाऊ लागले. नुसतं काठावर बसत. ती आत माळा चाळवत असे.  एकदा तिचा एक हात दारातून जरासा बाहेर आला आणि काकांच्या पाण्यातल्या अंगठ्यावर क्षणभर टेकला. बाईंच्या मते ती चव बघत होती. त्या वाट्यांना चव कळते. काकांना काय वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कंपाउंडरलासुद्धा.

एकेचाळिसाव्या दिवशी कार्यालयाचं पत्र आलं. 'विषय: खनिज (किल्ली, नग एक) काढण्यास परवानगी देणेबाबत.' त्याच दिवशी बाईंचाही फोन आला: पिल्लं सुटायला लागलीयत. काकांनी लेकीला कळवलं. फोनवर ती नुसतं "येते" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीच्या आधी दारात उभी होती.

काका, लेक आणि बाई, तिघंही कुंडाकाठी आडवी झाली. लेकीने नवा कोरा ड्रेस घातला होता, तिने त्याचा विचार केला नाही. बहुतेक पिल्लं आदल्या दिवशीच निघून गेली होती. उरलेली कपारीतून एकेक बाहेर येत होती, तिळाएवढी, काचेसारखी. पण प्रत्येकाला आठ हात, दोन डोळे, आणि अंगावर उघडझाप करणारे तपकिरी ठिपके. आई आतून पाणी फुंकून त्यांना बाहेर ढकलत होती. फुंकरी फार हळू झाल्या होत्या. एक फुंकर, मग बराच वेळ काही नाही, मग एक.

"जातात कुठे ती?" लेकीने विचारलं.

"नेईल तिकडे पाणी. हजारातलं एखादं जगतं," बाई म्हणाल्या.

शेवटच्या माळा रिकाम्या झाल्या तेव्हा ती बाहेर आली. भिंत तिनेच ढकलली. दगड, शिंपले, सांडशी, लोहचुंबक सगळं ढासळलं. ती पांढरी पडली होती, हात जिकडे पाणी हलेल तिकडे हलत होते. कुंडाच्या मधोमध ती थांबली. बाईंनी वाळूतून किल्ली उचलून लेकीच्या हातात दिली. काकांचं तिकडे लक्ष नव्हतं. एक खेकडा कडेकडेने येऊन तिच्या हाताच्या टोकाशी पोचला होता.

काकांनी छत्रीने त्याला हाकललं. तो परत आला. दुसराही आला.

"राहू द्या काका," बाई म्हणाल्या. "तेही खातातच."

"खातील," काका म्हणाले. "नंतर खातील. ती आहे अजून."

भरतीचं पाणी कुंडात शिरायला बावीस मिनिटं होती. ती बावीस मिनिटं काका गुडघाभर पाण्यात छत्री घेऊन उभे राहिले आणि खेकड्यांना हाकलत राहिले. सतराव्या मिनिटाला तिची फुंकर थांबली. तरी ते उभे होते. मग खडकावरून लाट आली, तिने कुंड भरलं, आणि ती राखाडी-पांढरी आकृती उचलून पलीकडे नेली. लेकीने बापाचा दंड धरून त्यांना वर काढलं. बाईंची वही उघडी होती, पण त्यांनी त्यात हे काही लिहिलं नाही.

घरी येऊन काकांनी कोरडे कपडे घातले. लेकीने किल्ली कुलपात घातली, फिरवली, आणि एकेचाळीस दिवस खाऱ्या पाण्यात मुरलेली किल्ली निम्म्यात मोडली. शेवटी कुलूपवालाच आला. त्याने तारेच्या आकड्याने अर्ध्या मिनिटात कपाट उघडलं. "आधीच बोलवायचं ना," तो म्हणाला, आणि त्याच्या पाठोपाठ वर चढून आलेला कंपाउंडर म्हणाला, "मी तेच म्हणत होतो." त्याने कधीही तसं म्हटलं नव्हतं. पण कपाटाकडे एकदा बघून तो गुपचूप खाली गेला.

लेक कपाटासमोर उभी राहिली. आत काकूंच्या कपड्यांच्या घड्या होत्या. तिने निळा स्वेटर काढून तोंडावर धरला आणि तशीच राहिली.

"बाबा," ती स्वेटरमधूनच म्हणाली, "तुम्हाला वाटलं मला आवराआवर करायचीय. मला एवढंच हवं होतं. आईचा वास जाईल असं वाटत होतं."

काका पलंगाच्या कडेला बसले. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

थोड्या वेळाने लेकीने मधला कप्पा पाहिला. "आणि हे काय? तुमचे रुमाल आईच्या कपाटात कसे?"

अकरा रुमाल होते. पांढरे, निळ्या काठाचे, पुरुषी. धुतलेले, इस्त्री केलेले, एकावर एक.

"मीच धुऊन ठेवले," काका म्हणाले. "ती गेल्यावर आठवड्याने. मग कुलूप लावलं."

लेक वाट बघत राहिली.

"शेवटी शेवटी मी तिला रागावलो होतो. सूप घेईना. मी म्हटलं, मुद्दाम करतेस, मला छळायला करतेस." काका आपल्या हातांकडे बघत बोलत होते. "मग ती तोंड उघडायला लागली. रोज. सातही वेळा. मला वाटलं सुधारतेय. मी तक्त्यावर पुन्हा टिका करू लागलो. ती गेल्यावर गादी उचलली तर खाली हे होते. सुपाचे डाग पडलेले. गिळत नव्हती ती. गिळवतच नव्हतं तिला. मी वाटी ठेवायला वळलो की रुमालात काढायची. मला बरं वाटावं म्हणून तोंडात धरून ठेवायची तेवढा वेळ."

बाहेर जिन्यात कुणीतरी सायकल चढवत होतं. लेकीने निळ्या स्वेटरची घडी घातली.

"मीसुद्धा रागावले होते," लेक म्हणाली. "फोनवर. म्हटलं, आई, तू बाबांचं ऐकत नाहीस, असंच करायचं असेल तर मी येणार नाही. ती म्हणाली, अगं, खाल्लं की आत्ताच. एवढं खाल्लं."

"कधी?"

"मंगळवारी. गेली त्याच्या आदल्या मंगळवारी."

काकांनी मान डोलावली. मंगळवारी तक्त्यावर सात टिका होत्या. ते त्यांना पाठ होतं.

लेक त्यांच्याशेजारी पलंगावर येऊन बसली, रुमालांची घडी मांडीवर घेऊन. "यातला एक मी नेऊ का, बाबा?"

"ने," काका म्हणाले.

तिने वरचा रुमाल उचलला. पण तो तेवढ्यातच भिजला, त्यामुळे तिला दुसरा घ्यावा लागला, आणि तिसरा काकांनी घेतला.